आजोबांचा मल्लखांब आणि दोन डॉक्टरांचा फोटो

मागच्या महिन्यात एका वीकांताला नाशिकला घरी गेलो होतो. शनिवारी सकाळी बाबांना जवळजवळ ओढतच गोल्फ क्लबच्या मैदानावर फिरायला नेलं. (अधिकृत नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. पण रिक्षावाल्याला तसं सांगून बघा, तो 'कुठं आलं ते?' असंच विचारेल :-) ) कारण साधं होतं. बाबांचा रिपोर्ट आला होता आणि साखर परत वर गेली होती. बाबा सहासष्ट वर्षांचे, बँकेतून निवृत्त, अंगाने किरकोळ. हातपाय काडीसारखे आणि मध्ये एक छोटंसं, सुबक पोट. वजन काटेकोर 'नॉर्मल'.

दोन फेऱ्या झाल्यावर ते बाकावर बसले आणि म्हणाले, "पुरे आता. आणि हे बघ, व्यायामाचं कौतुक मला सांगू नकोस. आपल्या अण्णांइतका व्यायाम कोणी केला होता का रे? काय झालं शेवटी?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अण्णा म्हणजे माझे आजोबा. जन्म १९३० चा. लहानपणी पंचवटीतल्या एका तालमीत मल्लखांब शिकले. पुढे पंच्याहत्तरीपर्यंत रोज पहाटे सूर्यनमस्कार, आणि तेही मोजून पन्नास. ना विडी, ना तंबाखू. आणि २००९ मध्ये, एकोणऐंशीव्या वर्षी, हा माणूस रामकुंडावरून घरी यायचा रस्ता विसरला. ज्या रस्त्यावर सत्तर वर्षं चालला तोच. पुढची सात वर्षं हळूहळू सगळंच पुसलं गेलं. आधी तारखा, मग नावं, मग बाबा. म्हणजे 'बाबा' हा शब्द नाही, माझे बाबा. शेवटी शेवटी ते स्वतःच्या मुलाला 'अहो मास्तर' म्हणायचे. २०१६ मध्ये गेले.

तेव्हा बाबांचा प्रश्न चुकीचा नाही. पन्नास सूर्यनमस्कार घालूनही जर हेच होणार असेल, तर कशाला घाला? पुण्याला परत येताना बसमध्ये हेच डोक्यात फिरत होतं. त्यानंतरचे तीन-चार वीकांत वाचनात घालवले. जे सापडलं ते इथे मांडतोय. मी डॉक्टर नाही, दिवसाचे दहा तास खुर्चीवर बसून कोड लिहिणारा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यापासून करू.

निफाड तालुक्यात कोठुरे नावाचं गाव आहे. बाळंभटदादा देवधर तिथले. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातले हे व्यायामगुरू. त्यांची गोष्ट अण्णांनी मला किमान वीस वेळा सांगितली असेल (आजारपणात तर एका दुपारी चार वेळा). निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब नावाचे दोन मल्ल पुण्यात आले आणि त्यांनी पेशव्यांच्या दरबारात आव्हान दिलं. कोणी पुढे येईना. तेव्हा जेमतेम अठरा वर्षांच्या बाळंभटाने मुदत मागून घेतली आणि वणीला सप्तशृंगीच्या गडावर जाऊन बसला. तिथे झाडांवरून सरसर चढणारी-उतरणारी माकडं पाहून म्हणा, देवीच्या दृष्टांताने म्हणा, त्याला लाकडी खांबावरच्या कसरतींची युक्ती सुचली. परत येऊन त्याने गुलाबला चीत केलं आणि अलीने काढता पाय घेतला. यातलं दंतकथा किती आणि इतिहास किती हा भाग सोडून देऊ. पण मल्लखांब नव्याने उभा राहिला तो बाळंभटदादांच्या हाताखाली, आणि १८१८ ला पेशवाई बुडाल्यावर बाजीरावाबरोबर ही विद्या गंगेकाठी ब्रह्मावर्ताला गेली, हे नक्की.

मजा अशी की मल्लखांब हा मुळात कुस्तीगिराचा पूरक व्यायाम. समोरचा मल्ल म्हणजे खांब. त्याला एरंडेल तेल लावायचं, कारण खांब हातातून निसटला पाहिजे, तरच पकड तयार होते. हे वाक्य अण्णांचं. तालमीत मारुती असायचाच. आपल्याकडे बळाचा आणि बुद्धीचा देव एकच आहे ही गोष्ट मला लहानपणी कधी विशेष वाटली नव्हती. पण विचार करा, अंग कमवलं की डोकंही चालतं ही समजूत आपल्या तालमींच्या कोनाड्यात शेंदूर लावून ठेवलेली होती.

दुसरीकडे त्याच भाषेत 'साठी बुद्धी नाठी' अशीही म्हण आहे. म्हणजे म्हातारपणी डोकं जाणारच, त्यात नवल काय, असं आपण आधीच ठरवून टाकलेलं. घराघरांत त्याला 'म्हातारचळ' म्हणायचे आणि विषय संपायचा. फक्त आपल्याकडेच असं होतं असं नाही. १९०६ मध्ये जर्मनीत अलॉइस अल्झायमर नावाच्या डॉक्टरने आपल्या एका रुग्णबाईच्या मेंदूत सापडलेले विचित्र गुंते आणि गाठी सभेत दाखवल्या, तेव्हा सभेने फारशी दखलही घेतली नाही. ती बाई पन्नाशीतली होती, म्हणून हा 'आजार' ठरला. ऐंशी वर्षांच्या माणसाला तेच झालं की ते 'वय' ठरायचं. हा फरक पुसला जायला पुढे साठ-सत्तर वर्षं लागली.

आता व्यायामाचं शास्त्र. इथे एक लंडनची डबलडेकर बस मध्ये येते.

जेरी मॉरिस नावाच्या ब्रिटिश संशोधकाने १९५३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक अभ्यास छापला. लंडनच्या बसवर दोन माणसं: ड्रायव्हर आणि कंडक्टर. कंपनी तीच, शहर तेच, पगारातही फार फरक नाही. पण ड्रायव्हर दिवसभर बसून, आणि कंडक्टर दिवसभर जिना चढून-उतरून तिकिटं फाडणार. हृदयविकार कंडक्टरांना कमी होता, आणि झाला तरी सौम्य. बसून काम करण्याचा धोका आकड्यांत दाखवणारा हा पहिला मोठा अभ्यास. (तो वाचताना मी खुर्चीतून उठलो. खोटं कशाला बोलू, पाच मिनिटांनी परत बसलो.)

पण मॉरिस खरा संशोधक होता. त्याला शंका आली की नोकरीमुळे ड्रायव्हर आजारी पडतात, की मुळातच स्थूल असलेली माणसं ड्रायव्हर होतात? मग त्याने काय केलं, तर बस कंपनीने दिलेल्या गणवेशांची मापं तपासली! ड्रायव्हरांच्या पँटी कमरेला जास्त रुंद होत्या, आणि तोही फरक तरुण वयापासूनच. १९५६ मध्ये त्याने हेही प्रामाणिकपणे छापलं. म्हणजे सगळं श्रेय जिन्याला देता येत नव्हतं. कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हा घोळ लक्षात ठेवा. तो पुढे परत येणार आहे.

लंडनहून आता सरळ पुण्यात, रास्ता पेठेत.

रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं नाव मधुमेहाच्या जगात सगळ्यांना माहीत आहे. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा एक पानभर मजकूर आला, आणि त्यातला फोटो जगभर गाजला. फोटोत दोन डॉक्टर शेजारी शेजारी उभे आहेत. एक स्वतः याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. म्हणजे तुमच्या-माझ्या ॲपच्या भाषेत दोघेही हिरव्या रंगात. पण डेक्सा नावाच्या क्ष-किरण यंत्राखाली मोजल्यावर युडकिनांच्या अंगात चरबी निघाली ९.१ टक्के, आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! दोघांच्याही आडनावाचं इंग्रजी आद्याक्षर वाय, म्हणून हा 'वाय-वाय विरोधाभास'. लेखात याज्ञिकांनी स्वतःचीच थट्टा केली आहे: युडकिन मॅरेथॉन धावतात आणि आपण रोज सकाळी हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत पोचण्यापुरतं धावतो, अशा अर्थाची.

थट्टेच्या मागे मात्र दहा वर्षांचं काम होतं. १९९३ पासून याज्ञिक आणि त्यांचे सहकारी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायकांची, गरोदर राहायच्या आधीपासून, मोजमापं ठेवत होते. त्यांची बाळं जन्मली तेव्हा त्यांची तुलना इंग्लंडमधल्या साऊथहॅम्प्टनच्या बाळांशी केली. आपलं बाळ सरासरी २.७ किलोच्या आसपास, त्यांचं ३.५ किलो. इथपर्यंत अपेक्षितच. पण हे पाऊण किलो कुठून कमी झालं होतं? स्नायूंमधून आणि पोटातल्या अवयवांमधून. चरबी मात्र बऱ्यापैकी शाबूत! २००३ मध्ये छापलेल्या या निष्कर्षाला नाव पडलं, 'बारीक पण चरबीदार भारतीय बाळ'. आईच्या पोटात खायला कमी मिळालं की शरीर मेंदू वाचवतं, चरबी वाचवतं, आणि काटकसर करतं ती स्नायूंवर.

हे वाचलं आणि मला गोल्फ क्लबच्या बाकावर बसलेले बाबा दिसले. काडीसारखे हातपाय, सुबक पोट, वजन नॉर्मल. आणि खरं सांगायचं तर आरशातला मीही दिसलो.

स्नायू कमी असले तर बिघडतं काय? नाशिककरांसाठी सोपं करून सांगतो. जेवणानंतर रक्तात आलेली साखर इन्शुलिनच्या सांगण्यावरून उचलणारं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. लासलगावला कांद्याची आवक जोरात आहे आणि शेतकऱ्याकडे कांदाचाळ लहान आहे अशी कल्पना करा. माल जाणार कुठे? रस्त्यावर. साखरेचंही तेच. चाळ लहान, तर साखर रक्तात पडून राहणार. आणि स्नायूची अजून एक खुबी आहे: तो काम करत असला, म्हणजे आकुंचन पावत असला, की इन्शुलिनची चिठ्ठी नसतानाही दार उघडून साखर आत घेतो. म्हणून जेवणानंतरच्या शतपावलीला अर्थ आहे.

आता या साखरेचा आणि विसरण्याचा संबंध. हॉलंडमधल्या रॉटरडॅममध्ये सहा हजारांवर ज्येष्ठ नागरिकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला गेला. १९९९ मध्ये त्याचे निकाल आले. मधुमेह असलेल्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचं प्रमाण इतरांच्या जवळजवळ दुप्पट. मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होणं हे त्याचं एक उघड कारण. म्हणजे स्नायू, साखर, रक्तवाहिन्या, मेंदू अशी एक साखळी तयार झाली, आणि तिच्या पहिल्या कडीत आपण भारतीय जन्मापासून थोडे कच्चे.

पण साखळी एवढीच नाही. स्नायू मेंदूशी जास्त सरळ बोलतो असाही एक सिद्धांत आहे.

१९९९ मध्येच अमेरिकेत हेन्रिएट व्हान प्राग आणि फ्रेड गेज यांनी दाखवलं, की पिंजऱ्यात फिरतं चाक दिलेल्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे आठवणी नोंदवणाऱ्या भागात, नव्या पेशी जास्त तयार होतात. पायांनी पळायचं आणि फरक डोक्यात! २००३ मध्ये डेन्मार्कच्या बेंटे पेडरसन यांनी, काम करणारा स्नायू रक्तात जी रसायनं सोडतो त्यांना 'मायोकाइन' असं नाव सुचवलं. म्हणजे स्नायू हा फक्त दोरखंड नाही, ती एक ग्रंथीही आहे. २०१२ मध्ये हार्वर्डच्या ब्रूस स्पीगलमन यांच्या प्रयोगशाळेने असंच एक रसायन शोधलं आणि ग्रीक पुराणातल्या निरोप पोचवणाऱ्या देवतेवरून त्याचं नाव ठेवलं आयरिसिन. माणसाच्या रक्तात ते खरंच किती असतं यावर पुढे बरीच भांडणं झाली. २०१९ मध्ये ब्राझीलच्या संशोधकांनी अल्झायमरसारखी लक्षणं असलेल्या उंदरांमध्ये आयरिसिनचा फायदा दाखवला. उंदरांमध्ये, हे लक्षात असू द्या. उंदरांचा अल्झायमर आत्तापर्यंत बऱ्याच औषधांनी बरा केलाय, माणसाचा अजून कोणीच नाही.

माणसांवरचं काम मला जास्त पटलं. त्यातही एका बाईंचं. मारिया फियातारोन. १९९० मध्ये त्यांनी बोस्टनच्या एका वृद्धाश्रमातल्या दहा जणांना मांडीच्या ताकदीचा व्यायाम दिला. वयं किती? शहाऐंशी ते शहाण्णव! आणि व्यायाम म्हणजे खुर्चीत बसून टाळ्या वाजवणं नव्हे, तर त्यांना झेपेल त्याच्या बरंच जवळचं वजन उचलणं. आठ आठवडे. पूर्ण केलेल्या नऊ जणांची पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. 'आता या वयात काय' हे वाक्य त्या दिवशी बाद व्हायला हवं होतं.

याच बाई पुढे ऑस्ट्रेलियात गेल्या आणि सिडनीत त्यांनी, विसरायला सुरुवात झालेल्या पण अजून स्मृतिभ्रंश न झालेल्या शंभर जणांवर प्रयोग केला. काहींना वजनाचा व्यायाम, आठवड्यातून दोन-तीनदा, सहा महिने. काहींना संगणकावरची मेंदूची कोडी, काहींना दोन्ही, काहींना नुसतं स्ट्रेचिंग आणि व्हिडिओ. २०१४ मध्ये निकाल आले: वजनाच्या व्यायामाने आकलनाच्या चाचण्यांत सुधारणा दिसली. २०१७ मध्ये त्याच आकड्यांवरून त्यांच्या गटाने अजून एक गोष्ट दाखवली. ज्यांची ताकद जास्त वाढली त्यांचं डोकंही जास्त सुधारलं. नुसता दम वाढण्याशी तसा संबंध दिसला नाही. एवढे दिवस आपण 'चाला, चाला' म्हणत होतो (आणि चालणं चांगलंच आहे), पण मांडीतल्या ताकदीकडे कोणी बघतच नव्हतं. जोर-बैठकावाले हसत असतील.

इथे लेख संपवला असता तर छान वाटलं असतं. पण बाबांचा प्रश्न अजून बाकी आहे.

मॉरिसच्या रुंद पँटी आठवतात? २०१७ मध्ये ब्रिटिश सरकारी नोकरांच्या 'व्हाइटहॉल' अभ्यासाने तोच घोळ परत समोर आणला. दहा हजारांवर माणसं, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा पाठपुरावा. निकाल: मध्यम वयातला व्यायाम आणि पुढचा स्मृतिभ्रंश यांत संबंध सापडला नाही. सापडलं ते उलटं. निदान व्हायच्या सुमारे नऊ वर्षं आधीपासून माणसाची हालचाल कमी होत जाते. म्हणजे 'जे हलत नाहीत त्यांना आजार होतो' असं आपल्याला वाटतं तेव्हा कदाचित आजार आधीच सुरू झालेला असतो आणि म्हणून ते हलत नाहीत. २०१८ मध्ये आणखी एक इंग्लिश प्रयोग आला. आजार झालेल्या जवळजवळ पाचशे जणांतल्या बऱ्याच जणांना चार महिने चांगला कसून व्यायाम दिला. अंग सुधारलं. विसरणं मात्र थांबलं नाही, उलट किंचित वाढलंच.

ही माहिती पचवायला मला एक अख्खा रविवार लागला. अण्णांचे सूर्यनमस्कार पंच्याहत्तरीला कमी झाले. आम्ही म्हणायचो, वय झालं. निदान त्यानंतर चार-पाच वर्षांनी. म्हणजे कदाचित ते थकले नव्हते, कदाचित सुरुवात झाली होती. सिद्ध करता येणार नाही. पण पन्नासचे तीस, तीसचे दहा, आणि मध्येच 'किती झाले रे?' असं मला विचारणं.. हे मला स्वच्छ आठवतंय.

मग उपयोग काय? 'लॅन्सेट'च्या तज्ज्ञमंडळाने २०२४ मध्ये सगळा पुरावा एकत्र करून चौदा गोष्टींची यादी दिली. त्या सगळ्या जगातून नाहीशा झाल्या तर स्मृतिभ्रंशाच्या साधारण ४५ टक्के घटना टळतील किंवा लांबतील असा त्यांचा अंदाज. मधुमेह, रक्तदाब, व्यायामाचा अभाव, शिक्षणाचा अभाव, एकटेपणा हे सगळं त्यात आहे. उरलेले ५५ टक्के? वय, जनुकं, नशीब. बाबा, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हे आहे. अण्णांनी काही चुकीचं केलं नाही. व्यायाम म्हणजे विमा नाही, फार तर हेल्मेट.

आणि उरलेलं अर्धं उत्तर मला याच यादीत सापडलं, आणि ते वाचून मी लॅपटॉप मिटून ठेवला. यादीतल्या सगळ्यात मोठ्या धोक्यांपैकी एक आहे ऐकू न येणं. अण्णांना साठीनंतर कमी ऐकू यायला लागलं होतं. यंत्र घ्यायला ते तयार नव्हते ('मला काय बहिरा समजता?'), आणि खरं सांगायचं तर आम्हीही फार आग्रह केला नाही. त्यांच्याशी मोठ्याने बोलायचा कंटाळा यायचा. हळूहळू आम्ही बोलणंच कमी केलं. ते कोपऱ्यात पेपर वाचत बसायचे. बाहेरून शांत वाटायचं सगळं. कानाच्या यंत्राने आजार टळला असताच असं कोणी छातीठोक सांगणार नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत झालेल्या प्रयोगात सगळ्यांचे आकडे एकत्र धरले तर फायदा दिसला नाही, पण ज्यांना मुळात धोका जास्त होता त्यांची घसरण तीन वर्षांत जवळजवळ निम्मी झाली. म्हणजे शक्यता होती. आम्ही त्यांच्या मांड्यांचं कौतुक करत राहिलो आणि कानांकडे बघितलंच नाही.

मग मल्लखांबाने अण्णांना काय दिलं? मी आईला फोन करून विचारलं, कारण शेवटची सात वर्षं त्यांचं सगळं तिनेच केलं. ती पटकन म्हणाली, "अरे, ते शेवटच्या तीन महिन्यांपर्यंत स्वतः उठून संडासला जायचे. मला कधी उचलावं लागलं नाही. जमिनीवर मांडी घालून बसायचे आणि हात न टेकता उठायचे. माझी कंबर शाबूत आहे ती त्यांच्या बैठकांमुळे." कोणत्याही शोधनिबंधात मला इतका नेमका निष्कर्ष सापडला नाही. भारतात साठीच्या पुढच्या साधारण ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे असा २०२३ मध्ये छापलेल्या एका राष्ट्रीय पाहणीचा अंदाज आहे. त्यातल्या बहुतेकांना सांभाळणारी घरातलीच कोणीतरी बाई असते, हे सांगायला पाहणीची गरज नाही.

अजून एक प्रसंग. २०१४ च्या गणपतीत मिरवणुकीतल्या ट्रकवर मुलं मल्लखांब करत होती. अण्णांना खुर्ची टाकून दारात बसवलं होतं. तेव्हा त्यांना माझं नाव आठवत नव्हतं. ट्रक समोर थांबला, एका पोराने खांबावर तेढी घेतली, आणि अण्णा उठले. हाताने स्वतःच्या काखेकडे दाखवत ओरडले, "पकड, पकड बघ आधी!" पोराने पकड बदलली. शास्त्र सांगतं की अंगवळणी पडलेल्या गोष्टींची आठवण मेंदूच्या वेगळ्या भागात राहते आणि ती उशिरा पुसली जाते. असेल. मला एवढंच आठवतं, की त्या एका मिनिटात ते पूर्ण घरी होते.

असो. लेख फार लांबला.

गेल्या वीकांताला परत नाशिकला गेलो. हे सगळं बाबांना सांगितलं, अण्णांच्या कानाची गोष्टसुद्धा. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "टीव्हीचा आवाज मी हल्ली फार मोठा ठेवतो असं तुझी आई म्हणते." मी म्हटलं, "बाबा, तुम्ही कान तपासून घ्या, मी बैठका सुरू करतो." सौदा ठरला. जागतिक आरोग्य संघटनाही आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम करा असंच सांगते, पण बाबांनी ऐकलं ते सौद्यामुळे. साखरेच्या डॉक्टरांना विचारून त्यांनी जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवरून हात न टेकता उठायला आणि बसायला सुरुवात केली आहे. एका दिवसाआड, दहाचा एक सेट.

काल रात्री फोन आला. मला वाटलं काही झालं की काय. बाबा म्हणाले, "आज पंधरा झाले. तुझे किती?"

माझे बारा. आणि पुण्यात जिना उतरताना आज मांड्या भरून आल्यात.